जर्मन ऐकताना सबटायटल लावायचं की नुसतं चित्र बघायचं?

गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी-वन या मधल्या पातळीच्या जर्मन परीक्षेला बसणाऱ्यांपुढे 'ह्योरेन'चं, म्हणजे ऐकण्याच्या पेपरचं, नाव काढा, निम्म्यांचा चेहरा पडतो. मग हमखास प्रश्न येतो : व्हिडिओ सबटायटल लावून बघू की बंद करून?

वर्गात सबटायटलवाले जास्त, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. बोलताना जर्मन माणूस 'हाबन वीर' (आहे आपल्याकडे) असं सुटं म्हणत नाही. कानावर येतं 'हामवा'. खाली अक्षरं असली की शब्द कुठे तुटतो ते कळतं. पण डोळा कानाच्या पुढे पळतो. 'इश रूफे दिश मॉर्गेन आन' (मी तुला उद्या फोन करते) यातल्या शेवटच्या 'आन'शिवाय फोन करण्याचा अर्थ पुरा होत नाही. वाचणाऱ्याला तो आधीच दिसतो, त्यामुळे थांबायची सवय लागत नाही. (क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबणं मराठी माणसाला खरं तर नवीन नाही.) इंग्रजी सबटायटल मी सरळ बंद करायला लावते. गोष्ट कळते, जर्मन मात्र कानाला शिवतही नाही.

नुसत्या चित्राची गंमत वेगळी. फलाट, सूटकेस, घड्याळाकडे बघत धावणारी बाई, एवढं दिसलं की काय चाललंय ते न ऐकताही समजतं. नवख्याला त्यानं धीर येतो. ए-वन या सगळ्यात पहिल्या पातळीच्या परीक्षेत ऐकण्याच्या पहिल्या भागात उत्तरं चित्रांतूनच निवडायची असतात, तिथे हा सराव कामी येतो. पण गाडी किती वाजता, हे चित्र सांगत नाही. आकड्यांना कानच लागतो. त्यात आपलं बरं आहे, त्यांचा २५ पाच-आणि-वीस असाच बोलतात, आपल्या पंचवीससारखा.

बी-वनला मात्र हातात फक्त छापील प्रश्न. चारपैकी दुसरा आणि तिसरा भाग एकदाच ऐकवतात.

म्हणून ए-वनला असाल तर बिनधास्त व्हिडिओ बघा. पुढे गेलात की डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संथ बातम्या घ्या. ऑडिओसोबत पूर्ण मजकूर मिळतो. आधी न बघता ऐका, मग मजकूर उघडून, मग परत न बघता.

व्हिडिओ सोडवत नसेल तर माझ्या एका विद्यार्थिनीची युक्ती करा. तिनं लॅपटॉपच्या खालच्या काठाला वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली होती, अडलं तरच उचलायची. सुरुवातीला रोज नवी चिकटपट्टी लागे. परीक्षेच्या सुमारास एकच आठवडाभर पुरायला लागली.