‘नजर रक्तात उतरली आहे’: एका फसवणुकीची हकीकत

माझ्या भाच्याला टाइप १ मधुमेह आहे. तो आज नियमित शाळेत जातो, जेवणापूर्वी स्वतःच्या हाताने इन्सुलिन टोचून घेतो आणि संध्याकाळी क्रिकेट खेळतो. मात्र डॉक्टरांनी हे निदान करण्यापूर्वी एका ‘महाराजां’नी त्याच्या आजाराला दृष्ट ठरवले होते, आणि त्या खटाटोपात पैसा तर गेलाच, पण मुलगाही हातचा जायची वेळ आली होती. आमची फसवणूक कोणत्या क्रमाने झाली हे मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण हाच क्रम थोड्याफार फरकाने इतर घरांतही चालवला जातो, असे मला नंतर अनेकांशी बोलताना आढळले.

माझ्या बहिणीचे सासर सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, अंगाने भरलेला आणि बोलका होता. नात्यातल्या एका लग्नात त्याचे बरेच कौतुक झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच तो वाळू लागला. त्याला सारखी तहान लागे, वर्गातून लघवीसाठी पुन्हा पुन्हा उठावे लागे, आणि अंथरूण ओले करण्याची जी सवय कधीच सुटली होती ती परत सुरू झाली. गावातल्या डॉक्टरांनी जंतांचे औषध आणि टॉनिक दिले, पण त्याने फरक पडला नाही. तेव्हा आजीने मीठ, मोहरी, लाल मिरच्या आणि तिकाटण्यावरची माती त्याच्यावरून ओवाळून चुलीत टाकली, आणि मिरच्यांचा ठसका आला नाही. ठसका न येणे ही आमच्याकडे दृष्ट लागल्याची पक्की खूण मानली जाते. मिरची दमट आहे की वाळलेली, विस्तव किती फुललेला आहे आणि धूर कोणत्या दिशेला ओढला जातो यावर ठसका अवलंबून असतो, हा विचार अशा वेळी कोणाच्या मनात येत नाही.

आजीच्या त्या मूठभर मीठ-मोहरीशी माझे भांडण नाही. तिच्यासाठी कोणी पैसे मागत नाही आणि ओवाळून झाल्यावर डॉक्टरकडे जायला कोणी अडवत नाही. फसवणूक सुरू होते ती ‘घरी दृष्ट काढून उतरणारी ही नजर नाही’ असे सांगणारा माणूस दारात उभा राहतो तेव्हा. असा माणूस नवी श्रद्धा निर्माण करत नाही. घरात आधीपासून असलेल्या श्रद्धेवर तो फक्त आपले दुकान मांडतो.

शेजारच्या गावातील या महाराजांचे नाव एका ओळखीच्या बाईंनी सुचवले. त्यांच्या मठात गर्दी असे, आणि रांगेत बसल्यावर एखादी प्रेमळ बाई विचारपूस करी: कुठून आलात, घरात कोण कोण असते, जावा-जावांचे पटते का. बहिणीने मोकळेपणाने सगळे सांगितले. आत गेल्यावर महाराजांनी डोळे मिटून तेच सगळे परत सांगितले, आणि आपण काही न बोलता त्यांना कसे कळले, या विचाराने ती थक्क झाली.

त्यानंतरचा प्रयोग विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. महाराजांनी हळद आपली दिली नाही, ती घरूनच आणायला सांगितली होती. मुलाच्या तळव्यांना ती हळद चोळली आणि त्याचे हात एका तांब्यातल्या स्वच्छ दिसणाऱ्या ‘तीर्था’ने धुतले, खाली परातीत पडलेले पाणी लालभडक झाले. “नजर रक्तात उतरली आहे,” असे महाराज म्हणाले. हळद आपल्या घरची, हात आपल्या मुलाचे, मग लबाडी कुठे शोधायची? ती तांब्यात होती. ते तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी होती. हळद क्षारधर्मी पाण्यात लाल होते, हा शाळेच्या प्रयोगशाळेत हळदीच्या कागदावर करून दाखवण्याचा प्रयोग आहे, आणि हळदीला चुन्याने लाल करूनच आपल्याकडे परंपरेने कुंकू बनत आले आहे. घरी रोज हात धुण्यासाठी दिलेली बाटली पुढे माझ्या हाती लागली तेव्हा तिच्यात पांढुरकी साय धरलेली होती. मी त्या पाण्यात हळद टाकली, ते लाल झाले. मग लिंबू पिळले आणि रंग पुन्हा पिवळा झाला. या प्रयोगाचा खरा धूर्तपणा पुढच्या खेपांत होता, कारण दर खेपेला पाण्याची लाली थोडी कमी होत असे आणि त्यावरून ‘नजर उतरते आहे’ असे सांगितले जाई. निवळीत साधे पाणी वाढवत गेले की एवढे सहज साधते. इकडे मुलाचे वजन घटतच होते, पण परातीतल्या पाण्याचा रंग मात्र सुधारत होता.

पैशाला आपण हात लावत नाही, असे महाराज आवर्जून सांगत. उताऱ्याचे साहित्य मठाजवळच्या ठरावीक दुकानातूनच घ्यावे लागे. कोहळा, नारळ आणि काळे कापड मिळून 1,100 रुपये होत. त्यानंतर 5,100 रुपयांची शांती आणि शेवटी 21,000 रुपयांचे अनुष्ठान झाले. या रकमांच्या पावत्या ‘अन्नदानासाठी देणगी’ म्हणून फाडल्या गेल्या, म्हणजे उद्या कोणी तक्रार केलीच तर उपचाराच्या नावाने एक पैसाही घेतलेला दिसू नये. अनुष्ठानाचे पैसे बहिणीने माझ्याकडून उसने घेतले होते, आणि मुलाच्या औषधपाण्यासाठी हवेत एवढेच मला सांगितले होते.

डॉक्टरकडे जाऊ नका, असे महाराजांनी थेट कधी म्हटले नाही. “नजर पूर्ण उतरेपर्यंत अंगाला सुई लागू देऊ नका, उलटेल,” असे ते म्हणाले. बाहेरची बाधा असताना सुई टोचू नये, ही समजूत खेड्यापाड्यांत पूर्वीपासून आहे, त्यामुळे हे वाक्य कोणाला खटकले नाही. पण मधुमेह कळण्यासाठी सहसा सुईनेच रक्ताचा थेंब काढावा लागतो, आणि तो बरोबर याच वाक्याने अडवला गेला. त्यात भर म्हणजे अशक्तपणा जावा म्हणून मंतरलेली खडीसाखर दिवसातून तीनदा खायला दिली होती.

या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. इन्सुलिनशिवाय साखर पेशींत शिरत नाही, ती लघवीवाटे जाऊ लागते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते, म्हणून तहान लागते. शरीर मग चरबी जाळते, म्हणून मूल वाळते. आणि चरबी जाळताना तयार होणारी आम्ले रक्तात साठली की पोटदुखी, उलट्या, खोल व जलद श्वास आणि ग्लानी अशी अवस्था येते. भाच्याला ती एका रात्री आली. श्वास जोरजोरात चालू होता आणि तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. फोनवर महाराजांनी ‘नजर शेवटची झुंज देते आहे’ असे सांगितले. ते न जुमानता मुलाला गाडीत घालून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले ते बहिणीच्या धाकट्या जावेने. तिथे ग्लुकोमीटरवर आकडाच आला नाही, साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेल्याची सूचना तेवढी दिसली. सलाईन आणि इन्सुलिनचे ठिबक लावल्यावर अतिदक्षता विभागात तो हळूहळू शुद्धीवर आला.

या धाकट्या जावेविषयी अधिक लिहिणे भाग आहे. नजर लावणारी व्यक्ती ‘घरातलीच, कूस न उजवलेली’ आहे, असे महाराजांनी दुसऱ्याच भेटीत सुचवले होते. नाव घेतले नव्हते. त्याची गरजही नव्हती. तेव्हापासून मुलाला तिच्या हातचे खाऊ देणे बंद झाले, ती समोर आली की त्याला आत नेले जाई, आणि हळदीकुंकवाला तिला बोलावणे गेले नाही. मूल होत नसल्याचे दुःख जिला आधीच होते तिच्यावर पुतण्याला आजारी पाडल्याचा आळ आला, आणि तो आळ घालणाऱ्याने त्याचीही दक्षिणा घेतली. पैशाची फसवणूक आकड्यांत सांगता येते, परंतु या अपमानाची नुकसानभरपाई कोणत्या पावतीवर लिहायची?

मुलगा घरी आल्यावर प्रकरण संपले असे वाटले होते, पण महाराजांचा निरोप आला. नजर उतरवली म्हणूनच औषध लागू पडले, आणि आणखी एक अनुष्ठान केल्यास इन्सुलिनही बंद होईल, असा तो निरोप होता. याच सुमारास इन्सुलिनची गरज खरोखरच कमी झाली, त्यामुळे घर पुन्हा डळमळले. टाइप १ मधुमेहात उपचार सुरू झाल्यावर उरलेल्या पेशींना काही काळ विसावा मिळतो आणि अनेक मुलांची मात्रा काही आठवडे किंवा महिने बरीच खाली येते. तो काळ सरला की ती पुन्हा वाढते. हे डॉक्टरांनी आधीच समजावून ठेवले होते म्हणून आम्ही वाचलो. ज्यांना हे माहीत नसते ते नेमक्या याच काळात एखाद्या भोंदूच्या सांगण्यावरून इन्सुलिन थांबवतात, आणि ते थांबवणे जीवघेणे ठरते.

तक्रार देताना काही गोष्टी उपयोगी पडल्या. पावत्या, ‘तीर्था’ची बाटली आणि फोनवर आलेले निरोप आम्ही जपून ठेवले होते. महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने घरात दृष्ट काढण्याला हात लावलेला नाही. मात्र तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणे हा त्यानुसार गुन्हा आहे, आणि त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद व पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उपचारापासून रोखण्याविषयीचे कलम कुत्रा, साप किंवा विंचू चावल्याच्या प्रसंगापुरते आहे, त्यामुळे आमच्या बाबतीत लाल पाण्याचा प्रयोगच मुख्य मुद्दा ठरला. या कायद्यासाठी नेमलेला दक्षता अधिकारी पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो. ठाण्यावर सुरुवातीला ‘देणगी तुम्ही खुशीने दिली ना’ असे विचारले गेले, तेव्हा या अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर काम पुढे सरकले. एखाद्या व्यक्तीवर करणी केल्याचा किंवा रोगराईला कारण असल्याचा आळ घेऊन तिचे जगणे कठीण करणे हेही याच कायद्याच्या अनुसूचीत आहे. म्हणून धाकट्या जावेने आपला जबाब वेगळा दिला. बहिणीने त्या जबाबाखाली साक्षीदार म्हणून सही केली आहे.