लेपर्ड गेको आणि फॅट-टेल्ड गेको : एक पेटी की दोन?

लेपर्ड गेको ही पाल पाळून वर्ष-दोन वर्षे झाली की बहुतेकांचे लक्ष आफ्रिकन फॅट-टेल्ड गेकोकडे वळते आणि ‘दोघांना एकाच मोठ्या टेरॅरियममध्ये, म्हणजे काचेच्या पेटीत, ठेवता येईल का?’ हा प्रश्न उभा राहतो. प्रश्न गैर नाही. दोन्ही एकाच कुळातले, मिटणाऱ्या पापण्यांचे, निशाचर आणि आकारानेही जवळपास सारखे; शिवाय घरातल्या पालीसारखे काचेवर चढणे दोघांनाही जमत नाही. इंग्लंडमधील आमच्या लहानशा घरात मी दोन्ही पर्याय वापरले आहेत. आधी जवळपास आठ महिने १२० सेंटिमीटरच्या एकाच पेटीत दोन माद्या ठेवल्या आणि त्यानंतर आजतागायत ९० सेंटिमीटरच्या दोन स्वतंत्र पेट्या वापरत आहे. दोन नर एकत्र ठेवण्याचा प्रश्नच येत नसल्याने तो विषय येथे सोडून देतो.

एकत्र ठेवण्याची बाजू दुबळी नाही. जागा वाचते, पेटी उबदार ठेवणारी हीट मॅट आणि तिचा थर्मोस्टॅट एकेकच लागतो, आणि संध्याकाळी दोघी आपापल्या लपणातून बाहेर येतात ते दृश्य मला मनापासून आवडत असे. आर्द्रतेचा आक्षेप मात्र खरा आहे. लेपर्ड गेको अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या खडकाळ मुलखातला, तर फॅट-टेल्ड गेको पश्चिम आफ्रिकेतला आणि त्याला हवेत अधिक ओलावा लागतो. (लेपर्ड गेकोची सख्खी नातलग, युब्लेफॅरिस फस्कस, महाराष्ट्रातही आढळते, तिला मात्र तिच्या रानातच राहू द्यावे.) तरीही पेटीच्या एका टोकाला ओल्या शेवाळाचा डबा ठेवून मी हा फरक बऱ्याच अंशी सांभाळला होता, आणि माझ्या माद्यांमध्ये भांडण झालेले मी एकदाही पाहिले नाही. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल, कारण चावा बसून शेपूट तुटणे या प्राण्यांत नवीन नाही.

माझा निर्णय फिरवला तो विष्ठेने. लेपर्ड गेको सहसा एकच कोपरा ठरवून घेतो, ही सवय ओळखीची आहे. आमच्याकडे दोघींनी मिळून तोच कोपरा धरला. फॅट-टेल्ड मादीची चरबी साठवणारी जाड शेपटी थोडी बारीक झाल्यासारखी वाटली, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केले, तर ते महिन्याभरात ६२ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर आले होते. पशुवैद्यांनी विष्ठेचा नमुना मागितला आणि सोबत ‘हा कोणाचा?’ असे विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. आकार सारखा, रंग सारखा, खाणेही तेच. नमुन्यात पिनवर्म या आतड्यातल्या कृमीची अंडी निघाली. ती फारशी गंभीर बाब नव्हती, पण बाधा कोणाला आहे हे ठरत नसल्याने औषध दोघींनाही द्यावे लागले आणि त्यानंतर धडधाकट दिसणारी लेपर्ड मादी नऊ दिवस अन्नाला शिवली नाही. त्या दिवसांत मला स्वतःचा फार राग आला. पिनवर्मच्या जागी क्रिप्टोस्पोरिडियम असते तर काय झाले असते, हा विचार अजूनही अस्वस्थ करतो. हा परजीवी विष्ठेतून पसरतो, त्याच्यावर खात्रीचा उपाय नाही आणि नेहमीच्या जंतुनाशकांनी तो मरतही नाही.

खाण्याच्या बाबतीतही हेच अज्ञान होते. आठ रातकिडे सोडले आणि सकाळी एकही उरला नाही, यावरून दोघींनी चार-चार खाल्ले असे मी समजत होतो. जेवणापुरते फॅट-टेल्ड मादीला प्लास्टिकच्या डब्यात वेगळे काढून पाहिले. ती शेपटी अंगाशी घेऊन बसून राही आणि समोरच्या किड्याकडे पाहतही नसे. कात दोघी स्वतःच खाऊन टाकतात, त्यामुळे कोणाची कात नीट निघाली हेही कळत नसे. स्वतंत्र पेटीत गेल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच उलगडा झाला : एकटी असताना ती संथपणे, दिवे मालवल्यावर बऱ्याच उशिराने खाते. एकत्र असताना तोवर चपळ लेपर्ड मादीने बहुतेक किडे संपवलेले असावेत. तीन महिन्यांत तिचे वजन पुन्हा ६१ ग्रॅम झाले.

दुसऱ्या पेटीचा खर्च आणि वाढलेली साफसफाई यांची तक्रार मी नाकारणार नाही, आणि अनुभवी पाळणारे एकत्र पेटीही उत्तम सांभाळत असतील. मात्र सध्या एकाच पेटीपुरती जागा असेल, तर फॅट-टेल्ड गेको आणणे वर्षभर पुढे ढकलावे, असे मी सुचवेन. जमिनीवरची जागा कमी असेल, तर एका मजबूत मांडणीवर दोन पेट्या एकावर एक बसतात. माझ्याकडे लेपर्डची कोरडी पेटी वर आहे आणि फॅट-टेल्डची ओलसर पेटी खाली, कारण वरची जागा आपोआपच थोडी अधिक उबदार राहते.