जुनी पोलो घेताना: इंजिन, गिअरबॉक्स आणि राहून गेलेले रिकॉल

जुन्या गाड्यांच्या बाजारात फोक्सवॅगन पोलो विकणाऱ्याला फार बोलावं लागत नाही. तो दार उघडतो आणि लावून दाखवतो. तो 'धप्प' आवाज खरा आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्रा असल्यामुळे दहा-बारा वर्षांच्या गाडीलाही दाराच्या खालच्या कडेला गंज सहसा दिसत नाही, आणि हायवेला शंभरच्या वेगात ही गाडी जितकी निवांत चालते तितक्या तिच्या वयाच्या फार थोड्या हॅचबॅक चालतात. पण घेणाऱ्याचे पैसे बुडतात ते पत्र्यात नाही, बॉनेटखाली. पोलो चांगली की वाईट, हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या वर्षाची, कुठल्या इंजिनाची आणि कुठल्या गिअरबॉक्सची, हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही.

चाकणच्या कारखान्यातून ही गाडी २०१० मध्ये बाजारात आली आणि २०२२ मध्ये थांबली. या बारा वर्षांत बाहेरून फारसं काही बदललं नाही, आतून मात्र बरंच बदललं. सुरुवातीला १.२ पेट्रोल (एमपीआय, म्हणजे टर्बो नसलेलं), १.२ डिझेल आणि १.६ पेट्रोल. २०१३ मध्ये १.२ टीएसआय (टर्बो पेट्रोल) आणि सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलेली जीटी, शिवाय १.६ डिझेल. २०१४ च्या फेसलिफ्टला १.५ डिझेल. २०१८ मध्ये १.० एमपीआय, आणि २०२० मध्ये बीएस-६ या प्रदूषण-नियमांबरोबर डिझेल आणि डीएसजी दोन्ही बंद होऊन १.० टीएसआय.

सगळ्यात जास्त मोह होतो तो जीटी टीएसआयचा, आणि सगळ्यात जास्त तपासणी लागते तीही तिचीच. तिच्यातला डीएसजी हा डीक्यू२०० नावाचा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे. दोन क्लच असतात. एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. हे लक्षात ठेवलं तर टेस्ट ड्राइव्हला अर्धं निदान तिथल्या तिथे होतं. दुसरा गिअर पडताना गाडी थरथरत असेल आणि चढावर रिव्हर्स घेतानाही तशीच थरथरत असेल, तर तो क्लच संपत आलाय. पहिल्या गिअरला धक्का पण रिव्हर्स गुळगुळीत असेल, तर संशय विषम गिअरच्या क्लचवर. कोरडा क्लच झिजतो तो मुख्यतः सरपटत्या ट्रॅफिकमध्ये. ब्रेक पूर्ण दाबला की क्लच सुटतो. अर्धवट दाबून गाडी इंच-इंच पुढे नेली की तो घसरत राहतो, तापतो आणि त्याचा पृष्ठभाग चकाकून गुळगुळीत होतो. त्यामुळे रोज शहरातल्या कोंडीत चाललेल्या कमी किलोमीटरच्या जीटीपेक्षा हायवेला जास्त चाललेली जीटी पुष्कळदा बरी निघते.

क्लचपेक्षा मोठा खर्च मेकॅट्रॉनिकचा. गिअर आणि क्लच हलवणारा हायड्रॉलिक भाग आणि त्याचा संगणक एकाच युनिटमध्ये असतो, त्याला मेकॅट्रॉनिक म्हणतात. त्यातला पंप तेल दाबून एका छोट्या टाकीत, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठवतो. ही टाकी ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या भागात बसवलेली असते तो भाग वर्षानुवर्षं दाब झेलून तडकतो, तेल झिरपतं, पंपाला सारखं धावावं लागतं आणि शेवटी संगणक त्याला बंद करतो. स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणारं यंत्र) पी१७बीएफ हा कोड दिसला की अर्थ हाच. गिअर निघून जातात, डिस्प्लेवरची अक्षरं लुकलुकतात आणि गाडी जागच्या जागी थांबते, मग ती सिग्नलला असो की घाटात.

हे आधी ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. गाडी बघायला जाण्याआधी मालकाला सांगून ठेवावं की इंजिन चालू करून ठेवू नका. थंड गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की बॉनेटकडून बारीक घुंऽऽ असा आवाज येतो आणि दोन-चार सेकंदांत थांबतो. तो पंप दाब भरतोय, यात काही गैर नाही. पण इंजिन चालू असताना, गाडी उभी आणि गिअर न बदलता, हाच आवाज थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा येत असेल तर दाब टिकत नाहीये. मेकॅट्रॉनिक अख्खं बदलायचं झालं तर बिल लाखांत जातं. काही गॅरेज नुसता तडकलेला भाग बदलून देतात, आणि काम नीट झालं तर गाडी चालतेही. मात्र त्याचं पक्कं बिल आणि नंतर केलेलं 'बेसिक सेटिंग' (स्कॅनरने गिअरबॉक्सची नव्याने केलेली जुळणी) दाखवा, असं मालकाला म्हणावंच. नुसतं 'मागच्या वर्षी डीएसजीचं काम केलंय' याला काही किंमत नाही. दर साठ हजारला डीएसजीचं तेल बदलल्याचं कोणी अभिमानाने सांगितलं तरी हुरळून जाऊ नये. तो नियम सहा गिअरच्या, तेलात बुडालेल्या क्लचच्या डीएसजीचा आहे. डीक्यू२०० मध्ये गिअरचं तेल वेगळं आणि मेकॅट्रॉनिकचं तेल वेगळं असतं.

या तेलाचंच एक मोठं रिकॉल (कंपनीने दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावणं) झालं होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजीमधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल घालायची मोहीम जाहीर केली. उष्ण आणि दमट हवेत, सतत थांबत-चालत जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये सिंथेटिक तेलामुळे विजेच्या जोडण्यांत बिघाड होऊन गिअरबॉक्सचा वीजपुरवठा तुटत होता. २०१३ च्या सुमाराची जीटी बघत असाल तर चॅसी नंबर सर्व्हिस सेंटरला देऊन हे काम तिला लागू होतं का आणि झालं का, हे विचारलंच पाहिजे.

त्याच १.२ टीएसआय इंजिनाला टायमिंग चेन आहे. चेन म्हणजे आयुष्यभराची निश्चिंती, हा समज इथे महागात पडतो. चेन ताणली जाते, टेन्शनर (चेन घट्ट धरणारा भाग) ढिला पडतो, आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना दोन-तीन सेकंद साखळी डब्यात हलवल्यासारखी खडखड ऐकू येते. पी००१६ हा कोडही तेच सांगतो. चेन दात सोडून सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग ते इंजिन उघडण्यापलीकडे उपाय नसतो. सकाळची खडखड ऐकू आली तर चेन, टेन्शनर आणि गाइड यांचा पूर्ण सेट बदलायचा खर्च धरूनच बोली करावी. तेलाच्या बिलांवर फोक्सवॅगन ५०२ ०० हा दर्जा लिहिलेला आहे का तेही बघावं. टर्बोच्या वेस्टगेटची (दाब आवरणाऱ्या झडपेची) दांडी अडकणं हा या इंजिनाचा आणखी एक ओळखीचा रोग. गाडी अचानक मंद होते आणि ईपीसीचा (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा) दिवा लागतो.

डिझेल पोलो धावायला दमदार, पण बेल्टचा हिशेब पक्का हवा. १.२, १.५ आणि १.६ या तिन्ही डिझेलना टायमिंग बेल्ट आहे. सर्व्हिस पुस्तिकेत दिलेला आकडा ओलांडला असेल आणि बदलल्याचं बिल नसेल, तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरावं. बदलताना टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकदमच बदलावेत. पंप जुना ठेवला आणि तो पुढे गळला तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. १.५ आणि १.६ मध्ये ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं दोन भागांचं जड चाक) असतं. इंजिन बंद करताना शेवटच्या क्षणी ठकठक झाली तर ते संपत आलंय, आणि ते क्लच-सेटपेक्षा महाग पडतं.

डिझेलचं रिकॉल तर सगळ्या जगाला माहीत आहे. १ डिसेंबर २०१५ ला कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० डिझेल गाड्या परत बोलावत असल्याचं सांगितलं. त्यात फोक्सवॅगनच्या १,९८,५०० होत्या, बाकी स्कोडा आणि ऑडी. ईए१८९ मालिकेच्या इंजिनांतलं सॉफ्टवेअर चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरंच वागत होतं. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. जुनी गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने मुद्दा वेगळा आहे: नवं सॉफ्टवेअर घातलंय की नाही? धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायचे तर एक्झॉस्टचा काही भाग ईजीआर व्हॉल्व्हमधून परत इंजिनात फिरवावा लागतो, आणि जितका जास्त फिरवाल तितकी काजळी जास्त साठते. जवळच्या फेऱ्यांवर वापरलेल्या गाडीचा ईजीआर चोंदतो, ओढ कमी होते आणि मीटरमधला हीटर-कॉइलचा पिवळा दिवा लुकलुकू लागतो. हा दिवा चालत्या गाडीत लुकलुकला की इंजिनात दोष नोंदला गेलाय. 'थंडीमुळे होतं' ही थाप आहे.

१.२ एमपीआय हे साधं, अशक्त, तीन सिलिंडरचं इंजिन. इग्निशन कॉइल जाणं हा त्याचा नेहमीचा त्रास: एक सिलिंडर बंद पडतो आणि गाडी ट्रॅक्टरसारखी हलते. कॉइल बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन माउंट (इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी आधार) बसलं असेल तरी न्यूट्रलमध्ये स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा दोन्हींत गल्लत करू नये. स्कॅनरवर मिसफायर (सिलिंडर नीट न पेटल्याची नोंद) नसेल तर माउंट बघा.

२०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल ही आमच्या मते या सगळ्यांत घेण्याजोगी पोलो. ऑटोमॅटिक हवी असेल तर तीही घ्या, कारण तिच्यात डीएसजी नाही, टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून जोर पोचवणारं पारंपरिक ऑटोमॅटिक) आहे. फक्त थर्मोस्टॅट हाउसिंग आणि वॉटर पंपच्या जोडावर टॉर्च मारून बघा. कूलंट गळून वाळलं की तिथे गुलाबी खपली धरते. टाकीत हिरवं पाणी दिसलं तर कोणीतरी बाहेरचं कूलंट ओतलंय, आणि ते का ओतावं लागलं हा पुढचा प्रश्न.

सगळ्याच वर्षांच्या पोलोत सापडणाऱ्या गोष्टी दोन. एक, एसीची कूलिंग कॉइल, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत. गॅस भरला की महिना-दोन महिने गार, मग पुन्हा कोमट. कॉइल डॅशबोर्डच्या आत असल्याने अख्खा डॅश उतरवावा लागतो, आणि नंतर तो कुरकुरू लागतो. दोन, दाराचं लॉक. लॉकच्या आतला मायक्रोस्विच मरतो आणि गाडीला दार उघडलंय हेच कळत नाही. चारही दारं एकेक करून उघडा आणि प्रत्येक वेळी छतावरचा दिवा लागतो का बघा. जे दार उघडल्यावर अंधार, त्याचं लॉक बदलावं लागणार. स्पीडब्रेकरवरचा खडखडाट बहुधा लिंक रॉडचा किंवा कंट्रोल आर्मच्या बुशचा असतो, तो घाबरण्यासारखा नाही.

घाबरावं अशी गोष्ट एअरबॅगची. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेने ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने धडक-चाचणी केली. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. त्यानंतर कंपनीने भारतात एअरबॅगशिवायची पोलो विकणं थांबवलं. त्याआधीची विनाएअरबॅग गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. एअरबॅग असलेल्या गाडीत किल्ली फिरवली की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो लागलाच नाही, तर अपघातानंतर कोणीतरी दिव्याचं तोंड बंद केलंय.

ऑक्टोबर २०१५ मध्ये आणखी एक रिकॉल झालं. सप्टेंबर २०१५ मध्ये बनलेल्या ३८९ पोलोंच्या मागच्या चाकांपाशी हँडब्रेकची केबल धरून ठेवणारा लिव्हर निकामी होण्याचा धोका होता. संख्या लहान आहे, पण त्या महिन्यातली गाडी असेल तर चढावर हँडब्रेक ओढून, ब्रेकवरून पाय उचलून खात्री करा आणि सर्व्हिस सेंटरकडून नोंद मागा.

मोटार वाहन कायद्यातली सक्तीच्या रिकॉलची तरतूद १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे, पण ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. म्हणजे बहुतेक जुन्या पोलोंच्या बाबतीत कंपनीच्या जुन्या नोंदीवरच विसंबावं लागतं. बयाणा देण्याआधी आरसीवरचा सतरा अक्षरी चॅसी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि नेमके दोन प्रश्न विचारा: कुठली मोहीम बाकी आहे का, आणि शेवटच्या नोंदीला किलोमीटर किती होते? बाकी मोहिमेचं काम फुकट होतं, आणि दुसऱ्या उत्तरावरून मीटर मागे फिरवलाय का ते कळतं. डिकीतलं स्पेअर चाक उचलून खाली चिकटवलेला कागदी स्टिकर वाचा. त्यावर चॅसी नंबर, इंजिनाचा कोड आणि गिअरबॉक्सचा कोड असतो. आरसीशी तो जुळला पाहिजे. स्टिकर गायब असेल, किंवा त्या खळग्यात वाळलेल्या गाळाची रेघ दिसली, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते किंवा मागून ठोकलेली. अशा गाडीवर भाव करू नये.