निवृत्तीनंतर काय करायचं: सल्लागारी, सेवा, शेती, मोडी की नातवंडं?

राज्य सरकारची नोकरी असेल तर 58 (शिपाई वर्गात 60), केंद्राची किंवा बँकेची असेल तर 60. ही तारीख नोकरीला लागतानाच ठरलेली असते, तरी तयारी होते ती फक्त पैशांची. ग्रॅच्युइटी किती, पेन्शन किती विकायची, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात तर कोणाच्या नावावर किती, याचे तक्ते तयार असतात. दिवसाचे बारा तास कशात घालायचे याचा तक्ता मात्र मी कोणाच्या डायरीत पाहिलेला नाही. शाल-श्रीफळ होतं, एक लांबची सहल होते, दातांची राहिलेली कामं आणि माळा आवरणं होतं. एवढ्यावर पहिला पावसाळा निघतो. त्यानंतर घरातली माणसं विचारू लागतात, "आज काय करणार आहात?"

सहसा पाच वाटा समोर असतात. त्यांची तुलना करताना मी तीन प्रश्न लावतो. ठरलेल्या वारी तुम्ही गेला नाहीत तर कोणाचं काही अडतं का? गुडघे आणि डोळे आणखी दहा वर्षं त्या कामाला साथ देतील का? आणि नको झालं तर वाईटपणा न घेता बाहेर पडता येतं का? पैसा हा चौथा प्रश्न. खासगी कंपनीतून निवृत्त झालेल्यांसाठी तोच पहिला असू शकतो, कारण पीएफवाल्या पेन्शनची किमान रक्कम 2014 पासून महिना 1000 रुपये आहे आणि त्याच्या जवळपास अडकलेले लोक पुष्कळ आहेत. त्यांनी आधी मिळकत पाहावी आणि मग पुढचं वाचावं.

तेच काम, कमी तास

बँकेतला अधिकारी ऑडिटच्या कामाला जातो, इंजिनिअर बिल्डरच्या साइटवर, प्राध्यापक तासिका तत्त्वावर. ही वाट सगळ्यात सोपी, कारण नवीन काही शिकावं लागत नाही आणि फोन वाजत राहतो. पहिल्या प्रश्नाला इथे पैकीच्या पैकी गुण. दुसऱ्यालाही बरे.

दोन गोष्टी मात्र आधी कळलेल्या बऱ्या. केंद्रातल्या गट 'अ' अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षाच्या आत खासगी नोकरी धरायची तर परवानगी लागते. दुसरी बाब कराची. 60 वर्षांवरच्या माणसाला धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर भरावा लागत नाही. सल्ल्याची फी घेतली की ते व्यवसायाचं उत्पन्न झालं आणि ही सूट गेली. कर तोच राहतो, पण तो वर्षातून चार हप्त्यांत आठवणीने भरायचा. वार्षिक फी 20 लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणीही आली. एवढं कमावणारे थोडेच, पण वकील-आर्किटेक्ट मंडळींनी ध्यानात ठेवावं.

माझा खरा आक्षेप निराळा आहे. खुर्ची गेलेली असते आणि काम तेच असतं. ज्याच्या रजेच्या अर्जावर तुम्ही सही करायचात, तो आता तुमच्या बिलावर सही करतो. काहींना याचं काहीच वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांनी पहिल्याच महिन्यात मुकाट्याने बाजूला व्हावं. शिवाय या वाटेने मूळ प्रश्न सुटत नाही, 65 पर्यंत पुढे ढकलला जातो. तोवर नवीन काही शिकायचा हुरूप थोडा ओसरलेला असतो. मला विचाराल तर दोन वर्षांची मुदत घालून घ्यावी आणि आठवड्यातले तीनच दिवस द्यावेत.

सेवा: कुठे जाता यावर सगळं

'समाजसेवा करणार' असं सगळेच म्हणतात. त्यात दवाखाना, शाळा, ग्रंथालय आणि ज्येष्ठ नागरिक संघ अशी चार अगदी वेगळी कामं येतात.

दवाखान्यातलं काम सरकारी किंवा बँकेच्या नोकरीतून आलेल्या माणसाला फार जमतं. परळला टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. त्यांच्या राहण्याची सोय करणारी नाना पालकर स्मृती समितीसारखी संस्था तिथेच जवळ आहे. अशा ठिकाणी औषधांइतकीच अडचण कागदांची असते: कुठल्या खिडकीवर जायचं, कोणता अर्ज, कोणता दाखला, आधी पैसे की आधी शिक्का. आयुष्यभर फाइली हलवलेल्या माणसाची ही विद्या तिथे कामी येते. पण मन घट्ट लागतं. रोज ओळखीचा झालेला चेहरा एके दिवशी येत नाही, आणि सगळ्यांना ते झेपत नाही.

शाळेत दहावीचं गणित शिकवायचं असेल तर जून ते मार्च बांधिलकी हवी. ऑगस्टमध्ये मुलाकडे बंगळुरूला, दिवाळीत काशीला, असं असेल तर या वाटेला जाऊ नये. मुलं वाट बघतात, आणि अर्धवट सोडलेला धडा त्यांच्या वर्गशिक्षिकेलाच उचलावा लागतो.

ग्रंथालय सौम्य. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. मान्यताप्राप्त वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. खालच्या वर्गांतली वाचनालयं तुटपुंज्या पगारावरच्या एखाद्या माणसाच्या जिवावर चालतात. दाखलनोंदी, फाटलेल्या पुस्तकांची डागडुजी, संगणकावर यादी चढवणं, ही कामं तिथे साचलेली असतात आणि बसून होतात. गुडघ्यांना सगळ्यात मानवणारी सेवा हीच.

ज्येष्ठ नागरिक संघाबद्दल थोडक्यात: वाढदिवस, व्याख्यान, सहल आणि गप्पा यांसाठी जरूर जावं. एकट्या माणसाला त्याचा मोठा आधार असतो. मात्र ती सोबत झाली. कामाची गरज तिने भागेलच असं नाही.

एक धोका चारही ठिकाणी आहे. स्वयंसेवक म्हणून आलेला निवृत्त अधिकारी वर्षभरात कार्यकारिणीत जातो, मग चिटणीस होतो, मग घटनादुरुस्ती सुचवतो. पुस्तकं बाजूला राहतात आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या फेऱ्या सुरू होतात. पहिली दोन वर्षं कुठलंही पद घ्यायचं नाही असं मनाशी ठरवूनच संस्थेत शिरावं.

गावाकडचं घर आणि बाग

डोंबिवलीत, ठाण्यात, पुण्यात हे स्वप्न प्रत्येक इमारतीत एकाला तरी पडलेलं असतं. कोकणात घर बांधायचं, चार कलमं लावायची, सकाळी झोपाळ्यावर चहा. यावर मी जास्त लिहितोय, कारण पाच वाटांपैकी हीच अशी आहे की निवड चुकली तर पैसेही जातात.

आधी जमीन. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. हा 1948 च्या कूळकायद्याचा नियम आजही आहे. वडिलोपार्जित असेल तर सातबारा काढून पाहा. आजोबांच्या नावाखाली पंधरा-वीस वारस, त्यातले काही मुंबईत, काही बडोद्यात, एखादा हयात नाही आणि त्याची वारस नोंद झालेली नाही, असं चित्र सर्रास दिसतं. जमीन सामाईक असेल तर विहीर खणण्यापासून कुंपणापर्यंत प्रत्येक बाबतीत भाऊबंदांना विचारावं लागतं. हे काम नोकरीत असतानाच सुरू करावं. फेरफार तुमच्या निवृत्तीची तारीख बघून होत नाहीत.

मग झाड. हापूसची कलमं पारंपरिक पद्धतीने 10 मीटर अंतरावर लावली तर एकरी 40 बसतात. कलम पावसाच्या तोंडाशी लावायचं, पहिले उन्हाळे पाणी घालून जगवायचं, गवत काढायचं. मोहर लवकर दिसतो, पण विकण्याजोगं पीक हाताशी यायला पाच-सहा वर्षं सहज जातात. साठाव्या वर्षी लावलेली बाग सहासष्टाव्या वर्षी पेट्या देऊ लागेल. मध्ये तुडतुडे, भुरी, अवकाळी पाऊस, वानर आणि रानडुक्कर आहेतच. फवारणीला माणूस मिळेल का, हा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही, अख्ख्या वाडीचा आहे. जो उरला आहे तो आठवड्यापूर्वी सांगून ठेवावा लागतो.

तब्येतीला मात्र याच्यासारखं दुसरं काही नाही. रोज हालचाल, ऊन, झोप. झाडं वाट बघतात, त्यामुळे पहिल्या प्रश्नालाही उत्तम उत्तर. अडचण तिसऱ्या प्रश्नाची. शहरातली जागा विकून गावी गेलेल्याला परत येता येत नाही. हृदयाचं दुखणं असेल तर तालुक्याच्या पलीकडचा रस्ता रात्री किती वेळ घेतो, हे एकदा स्वतः जाऊन पाहावं.

आणखी एक प्रश्न या गप्पांत कोणी काढत नाही: बायकोला विचारलं का? तिची आयुष्यभराची मैत्रीण वरच्या मजल्यावर, भिशी, भजनी मंडळ, कोपऱ्यावरचा भाजीवाला, सगळं इथे आहे. गावी तुमची निवृत्ती, तिचं मात्र मोठं स्वयंपाकघर, येणारे-जाणारे पाहुणे आणि पावसात न वाळणारे कपडे. तिला मनापासून जायचं नसेल तर हा विषय मिटवावा.

मधला मार्ग आहे. शहरातलं घर ठेवायचं, गावी दोन खोल्या दुरुस्त करायच्या, बाग कोणाला तरी खंडाने द्यायची आणि आपल्याकडे परसबागेएवढी जागा ठेवायची. येण्याजाण्याचा खर्च पूर्वीइतका जाचत नाही: एसटीत 65 पासून अर्धं तिकीट आहे आणि 75 पूर्ण झाल्यावर 2022 पासून प्रवास मोफत आहे.

शिकणं: मोडीची बाजू मी उघड घेतो

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नाशिकहून चालतं आणि तिथे साठीच्या विद्यार्थ्याकडे कोणी वळून पाहत नाही. पदवी हवी असेल तर जरूर घ्यावी. पण परीक्षा झाली की पुढे काय, हा प्रश्न तसाच राहतो.

मोडीचं तसं होत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात, भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना 1910), देवस्थानांत आणि जुन्या घरांच्या ट्रंकांत मोडी कागद अमाप पडून आहेत आणि वाचणारे थोडे. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची कशी शोधाशोध झाली, ते सगळ्यांनी पाहिलं. लोकांना आजही पणजोबांचं खरेदीखत वाचून हवं असतं.

अक्षरं काही आठवड्यांत ओळखू येतात. कठीण भाग पुढे आहे. रेघ आधी आखलेली, मजकूर हात न उचलता लिहिलेला, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, तारखा अरबी महिन्यांत. प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. अस्खलित वाचायला वर्ष-दोन वर्षं द्यावी लागतात. निवृत्त माणसाकडे नेमकी तेवढी फुरसत असते. डोळे ही मर्यादा. मोतीबिंदू काढायचा असेल तर आधी काढून घ्या.

ज्यांना घराबाहेर पडणं कठीण आहे त्यांच्यासाठी मराठी विकिस्रोत आहे. जुन्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान एका बाजूला, मजकूर दुसऱ्या बाजूला, आणि ताडून चुका सुधारायच्या. एकाने तपासलं की पान पिवळं होतं, दुसऱ्याने खात्री केली की हिरवं. ज्यांना वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर रोज चिडायची सवय आहे, त्यांनी ती चीड इथे वापरावी.

शिकण्याच्या वाटेची कमजोरी पहिल्या प्रश्नात आहे. आज अभ्यास केला नाही तर कोणाचंच अडत नाही. म्हणून एकट्याने शिकू नये. आठवड्यातून एकदा चार जणांनी मिळून एक कागद वाचायचा, असा वर्ग धरावा.

नातवंडं

यात आनंद किती हे सांगायला नको. काम म्हणून पाहिलं तर तास सर्वांत जास्त, सुट्टी सर्वांत कमी आणि राजीनामा देता येत नाही. मुलगा-सून जवळ राहत असतील तर वार आणि वेळ सुरुवातीलाच बोलून घ्यावी. हे काम आपोआप संपतंही. नातू दहा वर्षांचा झाला की त्याला आजोबा फक्त क्लासला सोडायला लागतात.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी: पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं, नोकरी करता येत नाही, आणि गाडी चालवता येत नसेल तर संध्याकाळपर्यंत घरातच. तिथल्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा असतात. बाळाला सांभाळण्याखेरीज स्वतःचं असं काही हवं असेल तर तिथे चौकशी करावी. गोष्ट सांगणारी आजी त्यांना हवीच असते.

मग निवड कशी?

एकच वाट निवडायची सक्ती नाही. ज्याला पैशांची गरज आहे त्याने मुदत घालून सल्लागारी घ्यावी आणि जोडीला मोडीचा वर्ग धरावा. पेन्शन पुरेशी आहे आणि माणसांत रमता, तर आठवड्याचे दोन दिवस दवाखाना किंवा शाळा. माणसांचा कंटाळा आला असेल तर ग्रंथालय किंवा विकिस्रोत, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. गाव त्यांनीच निवडावं ज्यांचा सातबारा स्वच्छ आहे आणि जोडीदार राजी आहे. नातवंडं कुठल्याही वाटेसोबत चालतात, फक्त तीच एक वाट धरू नये. नवरा-बायकोनी एकच संस्था निवडू नये, असंही माझं मत आहे. संध्याकाळी एकमेकांना सांगायला काही उरत नाही.

अजून नोकरीत असाल तर एक गोष्ट आत्ताच करता येईल. निवृत्तीच्या वेळी 300 दिवसांपर्यंतच्या शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळतात म्हणून सरकारी माणूस रजा घट्ट धरून बसतो. त्यातले पंधरा दिवस सोडा. ते जुलैच्या भर पावसात गावी घालवा किंवा ज्या संस्थेत जायचं मनात आहे तिथे रोज सकाळी हजर व्हा. सोळाव्या दिवशी पुन्हा जावंसं वाटतं का, ते पाहा आणि मगच शेजाऱ्यांना बेत सांगा.