भारतीय बैठक, फरशीवरचा कमोड की भिंतीवरचा? घासायला सोपं काय ते आधी बघा

संडासाचं भांडं घेताना दुकानात नजर जाते चकाकीवर. चिनी मातीचं कुठलंही बरं भांडं पहिल्या दिवशी गुळगुळीतच असतं. पुढची पंधरा-वीस वर्षं ते घासायला किती त्रास देणार हे तीन गोष्टींवर ठरतं: ब्रश पोचत नाही अशा जागा किती, भांडं आणि फरशी-भिंत यांच्यातले सांधे किती, आणि तुमच्या टाकीत पाणी कुठलं येतं.

ही तिसरी गोष्ट कोल्हापुरात भागागणिक बदलते. महापालिकेचं पाणी भोगावती-पंचगंगेचं आणि आता थेट पाइपलाइननं काळम्मावाडी धरणाचं. ते मऊ, पण पावसाळ्यात गढूळ. उपनगरांत आणि शहराला लागून असलेल्या गावांत अनेक घरं बोअरवर. बोअरच्या जड पाण्यातला क्षार भांड्यात पाण्याच्या रेषेवर पांढरट-पिवळा थर धरतो आणि त्या खरखरीत थराला बाकीची घाण चिकटते. दोन घरांत एकाच कंपनीचा कमोड असून एक पांढरा आणि दुसरा पिवळा का, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

भारतीय बैठक

तिला सीट नाही, बिजागऱ्या नाहीत, झाकण नाही, अंगाला काही टेकत नाही. ओरिसा पॅन नावाचं जे भांडं सर्रास मिळतं त्याचं नेहमीचं माप 580 बाय 440 मिमी. सगळं उघड्यावर असल्यामुळे ब्रश सगळीकडे फिरतो. एवढ्यावर ही बैठक सगळ्यांत सोपी वाटते, पण दोन अडचणी आहेत.

पहिली भांड्याच्या आत. ओरिसा पॅनचा मागचा भाग उथळ आणि कोरडा असतो. मळ तिथेच पडतो, चिकटतो, आणि नुसत्या फ्लशनं पुढे सरकत नाही. बसण्याआधी तांब्याभर पाणी टाकून तो भाग ओला केला की निम्मं काम होतं. मुलांना ही सवय लावायला लागते, पाहुण्यांना सांगता येत नाही. दुसरी अडचण भांड्याबाहेर. पॅनच्या कडेचा आणि टाइल्सचा सांधा कायम ओला राहतो. गवंडी तिथे पांढरा सिमेंट भरतो; दोन पावसाळ्यांत तो पिवळा, मग काळा पडतो, आणि ॲसिड ओतून ओतून पोकळ होतो. तिथून पाणी खाली झिरपतं. वरच्या मजल्यावर असेल तर खालच्या छताला ओल येते. म्हणून या सांध्याला पाणी न शोषणारं एपॉक्सी ग्राउटच भरून घ्या आणि फरशीचा उतार पॅनकडे आहे ना, ते टाइल्स चिकटवण्याआधी पाणी ओतून बघा.

आणखी एक खर्च लपलेला असतो. पॅन आणि त्याखालचा ट्रॅप (पाणी धरून वास अडवणारं वळण) बसायला स्लॅब 9 ते 12 इंच खाली घेतलेला लागतो. पेठांतल्या जुन्या घरांत माडीवर नंतर काढलेल्या संडासाला तसा स्लॅब नसतो, म्हणून एक-दोन पायऱ्यांचा ओटा करतात. त्या ओट्यावर चढणं आजीला जड जातं, आणि ओट्याची कड हा घाण साचायला एक जादा कोपरा. पुढे पॅन तडकला तर फरशी फोडण्यावाचून इलाज नाही.

फरशीवरचा कमोड

टू-पीसमध्ये भांडं वेगळं, फ्लशची टाकी वेगळी आणि मध्ये रबरी गॅस्केट. टाकी आणि भांड्यामधल्या चिंचोळ्या फटीत फडकं जात नाही. तिथे धूळ आणि ओल मिळून काळी रेघ तयार होते. गॅस्केट कडक झाली की थेंब गळतात आणि मागच्या बाजूला कायम ओल राहते. फायदा एवढाच की टाकी फुटली तर नुसती टाकी बदलता येते. वन-पीसमध्ये ही फट नाही. वजन 35-40 किलोपर्यंत जातं, म्हणून माडीवर चढवायला दोन माणसं लागतात, आणि तडा गेला तर सगळाच कमोड बदलायचा.

पण टू-पीस की वन-पीस यापेक्षा बाजू झाकलेली आहे का, हे आधी बघा. स्वस्त कमोडला मागून ट्रॅपचं वळण उघडं दिसतं. त्या वळणाखाली, बोल्टभोवती आणि भिंतीकडच्या बाजूला हात घालून पुसावं लागतं, आणि ते कुणी पुसत नाही. बाजू सपाट झाकलेला कमोड एका फडक्यात पुसून होतो. घरातल्या साफसफाईत सगळ्यांत जास्त फरक कशानं पडत असेल तर यानं, तरी दुकानदार हा मुद्दा क्वचितच काढतो.

खालचा सांधा इथेही पांढऱ्या सिमेंटनं भरू देऊ नका. पुरुष उभ्यानं लघवी करतात, थेंब बुडाशी जातात, सिमेंट ते शोषतं आणि कितीही फिनेल टाकलं तरी वास जात नाही. बुरशी न धरणारा सॅनिटरी सिलिकॉन लावा. मागच्या बाजूला दोन इंच जागा मोकळी ठेवा, म्हणजे आतून गळती सुरू झाली तर पाणी बाहेर दिसेल, फरशीखाली मुरणार नाही.

रिम असलेला की रिमलेस

जुन्या पद्धतीच्या कमोडला वरच्या कडेखाली पोकळ नळी असते आणि तिच्या भोकांतून पाणी येतं. बोअरच्या पाण्यानं ती भोकं बुजतात, पाणी एकाच बाजूनं येऊ लागतं, कडेखाली तपकिरी थर धरतो. हात घालून बोट फिरवलं तरच तो कळतो. रिमलेसमध्ये कड उघडी. मागून पाणी सुटून दोन्ही बाजूंनी फिरत पुढे येतं. ब्रश सरळ वरपर्यंत जातो. बोअरचं पाणी असेल तर रिमलेस घ्याच. नळाचं असेल तरीही आमचं मत त्याच्याच बाजूनं आहे.

रिमलेस बिघडतो तो बसवण्यात. कमोड तिरका बसला तर पाणी एका बाजूला जास्त जातं आणि दुसरी कोरडी राहते. प्लंबर असतानाच कडेवर आडवी आणि उभी लेव्हल ठेवून बघा. मग कडेच्या इंचभर खाली ओल्या हळदीची रेघ चहूबाजूंनी ओढा आणि अर्धा फ्लश नाही, पूर्ण फ्लश करा. जिथे पिवळं राहील तिथे पाणी पोचत नाही. उलट पाणी कडेबाहेर उडत असेल तर लपवलेल्या टाकीच्या फ्लशला बहुधा प्रवाह कमी करायची सोय असते, ती थोडी आवळून घ्या.

आतला उतारही दुकानातच पाहून घ्या. मागची भिंत उभी आणि पाण्याचा गोल मोठा असेल तर मळ पाण्यात पडतो, डाग राहत नाही. मागे पसरट उतार आणि पुढे वाटीएवढं पाणी असेल तर प्रत्येक वेळी ब्रश हातात घ्यावा लागणार. सायफन पद्धतीच्या (मळ खेचून नेणाऱ्या) कमोडमध्ये पाण्याचा पृष्ठभाग मोठा असतो, पण वाट अरुंद. लहान मुलं खेळणी टाकतात अशा घरात साधा वॉशडाउनच (पाण्याच्या जोरानं मळ ढकलणारा) बरा.

भिंतीवरचा कमोड

खाली काहीच नाही, पोछा सरळ आरपार जातो. फरशीचा सांधाच नसल्यामुळे वासाचं मोठं कारण गेलं. सफाईच्या हिशोबात पहिला नंबर याचा, यात वाद नाही. वाद आहे तो भिंतीचा. टाकी भिंतीत लपते, आणि कमोडचा व बसणाऱ्याचा भार पेलायला लोखंडी फ्रेम लागते. 9 इंची विटांच्या भिंतीत काम नीट होतं. साडेचार इंची भिंतीत खाच पाडून नुसत्या बोल्टांवर टांगला तर काही काळानं हलायला लागतो, टाइल्स तडकतात. तिथे फरशीत रोवलेली फ्रेम आणि तिच्यापुढे सात-आठ इंचांची खोटी भिंत करावी लागते. संडास आधीच लहान असेल तर तेवढी जागा जाते.

गढूळ पाण्याच्या दिवसांत टाकीच्या आतली जाळी गाळानं भरते आणि टाकी भरायला वेळ लागतो. ही जाळी पुश-प्लेट (भिंतीवरची फ्लशच्या बटणांची पट्टी) काढून तिथूनच साफ होते, भिंत फोडावी लागत नाही. पण ज्या टाकीचे वॉशर आणि भराव-व्हॉल्व्ह शहरातल्या दुकानात मिळत नाहीत ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. विकत घेण्याआधी, सुटे भाग आत्ता दुकानात आहेत का, ते दाखवा, असं सरळ सांगा. भिंतकाम धरून हा पर्याय फरशीवरच्या वन-पीसच्या दीडपट-दुप्पट जातो.

टाकीऐवजी फ्लश व्हॉल्व्ह बसवायचा सल्लाही मिळेल. तो थेट गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर चालतो. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर अडीच मीटर असेल तर हाती पाव बार येतो. तेवढ्यात भांडं धुतलं जात नाही. फ्लशच्या टाकीला हा प्रश्न नाही, ती स्वतःच्या उंचीवरून पाणी सोडते.

माप चुकलं की सफाई बिघडते

तयार टाइल्सपासून आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. उघड्या विटांपासून मोजलं तर प्लास्टर-टाइल्सचा इंच-दीड इंच चुकतो. आउटलेट फरशीत असेल तर एस-ट्रॅप; त्यात 4, 9 आणि 12 इंच ही मापं चालतात. आउटलेट भिंतीत असेल तर पी-ट्रॅप. आउटलेट 9 इंचांवर आणि कमोड 12 चा आणला तर तो बसतच नाही. उलटं झालं तर मागे तीन इंचांची फट राहते, तिथे झुरळं आणि केस. आणलाय तर बसवू म्हणत प्लंबर मध्ये वळ्यांचा लवचिक पाइप घालतो. त्या वळ्यांत मळ अडकतो आणि वास सुटतो. गुळगुळीत कनेक्टरच लावायला सांगा.

बाजूच्या भिंतीपासून कमोडचा मध्य किमान 15 इंच हवा. कमी असेल तर त्या बाजूला हात जाणार नाही.

सीट घेताना एका बटणानं निघणारी घ्या. बिजागरीखालची पिवळी ओल सीट काढल्याशिवाय जात नाही. भांड्याच्या आतच बसणारी जेटची नळी टाळा. ती घाणीच्या वाटेत असते. बाहेर, उजव्या हाताला हेल्थ फॉसेट लावा.

बोअरचं पाणी असेल तर काळा किंवा मॅट रंग नको, क्षाराची रेघ आठवड्यात दिसते. ती काढायला ब्रशनं पाणी खाली ढकला, एक लिटर कोमट पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्व कालवून ओता, तासभर राहू द्या, मग घासा. तारेची घासणी वापरली की चकाकीवर चरे पडतात आणि पुढचा थर लवकर धरतो. हार्पिकसारख्या ॲसिडच्या द्रवाबरोबर ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नका, क्लोरीन वायू होतो. सेप्टिक टँक असेल तर ॲसिड हात राखूनच वापरा.

मग घ्यायचं काय

नवं बांधकाम, 9 इंची भिंत आणि हाताशी पैसे असतील तर भिंतीवरचा रिमलेस. जुन्या घराची दुरुस्ती असेल तर बाजू झाकलेला, रिमलेस, फरशीवरचा वन-पीस. बहुतेक कुटुंबांना हाच पुरतो. घरात दोन संडास असतील तर एक भारतीय बैठक राहू द्या, गुडघे चालतात तोवर ती आवडणारी माणसं घरात असतातच. फ्लश 6 आणि 3 लिटरचा घ्या. फार कमी पाण्याचा फ्लश जुन्या, लांब ड्रेनेजमध्ये मळ पुढे नेत नाही आणि चेंबर तुंबतो.

व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी अशा भागांत तळमजला असेल तर ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुराचं पाणी डोळ्यांपुढे ठेवून ठरवा. पुराच्या वेळी ड्रेनेजचं पाणी उलटं येतं, आणि ते घरातल्या सर्वांत खालच्या तोंडातून वर येतं. भारतीय बैठक फरशीच्या पातळीला, कमोडची कड सोळा इंच वर. पण नहाणीचा ट्रॅप (न्हाणीघराच्या फरशीतलं जाळीचं तोंड) दोन्हींच्या खाली, त्यामुळे नुसता कमोड बसवून सुटका नाही. शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारा, उलटं येऊ न देणारा) बसवून घ्या. त्याची झडप केस, चिंध्या आणि गाळानं अर्धवट उघडी राहते, म्हणून दर वर्षी मे महिन्यात झाकण काढून ती धुवा आणि हातानं हलवून बघा. झडप बंद असताना घरातलं पाणीही बाहेर जात नाही, तेव्हा तळमजल्यावर फ्लश करायचा नाही, हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.