आधी ओपनएमपी की एमपीआय?

कोथरूडच्या एका कॉलेजात नुकत्याच रुजू झालेल्या मैत्रिणीचा फोन आला. प्रॅक्टिकलचे तास मोजकेच, वर्गात निम्मी मुलं भौतिकशास्त्राची, निम्मी इंजिनिअरिंगची. समांतर संगणन, म्हणजे एकच काम वाटून एकाच वेळी अनेक कोअरवर (प्रोसेसरच्या गाभ्यांवर) चालवणं, कशापासून सुरू करू?

पर्याय दोन: ओपनएमपी, ज्यात एका मशीनचे कोअर एकच मेमरी वापरतात, आणि एमपीआय, ज्यात वेगवेगळ्या प्रोसेस (स्वतंत्र चालणारे प्रोग्राम) एकमेकींना मेसेज पाठवून काम करतात. खर्चाचा प्रश्नच नाही, दोन्ही फुकट आहेत. मेहनतीत मात्र फरक पडतो. ओपनएमपीत चालू लूपच्या डोक्यावर एक प्रॅग्मा (कंपायलरला दिलेली एका ओळीची सूचना) लिहिली की चारही कोअर कामाला लागतात. एमपीआयमध्ये रँक (प्रोसेसचा क्रमांक), सेंड, रिसीव्ह (मेसेज पाठवणं, घेणं) समजावण्यातच पहिला तास जातो.

खरी गंमत चुकांमध्ये आहे. ओपनएमपीत बेरजेच्या लूपला रिडक्शन (प्रत्येक कोअरची वेगळी बेरीज शेवटी एकत्र करण्याची सूचना) लावायचं राहिलं, तर प्रोग्राम गुपचूप चुकीचं उत्तर देतो, तेही दर वेळी वेगळं. मुलं पहिलंच उत्तर जर्नलात उतरवून मोकळी! एमपीआयमध्ये दोन्ही प्रोसेस एकमेकींच्या मेसेजची वाट पाहत बसल्या की कर्सर नुसता लुकलुकतो. निदान चुकलंय हे तरी कळतं. पण दोघींनी आधी सेंड केलं तर छोटा मेसेज निघून जातो आणि मोठा अडकतो. हे मुद्दाम करून दाखवावं.

ओपनएमपीची धाव एका मशीनच्या मेमरीपुरती. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९१ मध्ये पुण्यातच घडवलेला परम ८००० हा महासंगणक वेगवेगळ्या मेमरीच्या नोड्सचा (जोडलेल्या स्वतंत्र संगणकांचा) होता. आजचे क्लस्टरही (अनेक मशीन जोडून केलेले संगणक) तसेच, तिथे मुख्यतः एमपीआयच वापरतात.

स्वतःचा हिशेब लॅपटॉपवर लवकर उरकायचा असेल त्या विज्ञानाच्या मुलांना ओपनएमपी पुरे. ज्यांना पुढे क्लस्टरवर काम करायचंय, त्यांना तिसऱ्या आठवड्यापासून एमपीआयच द्या.