रिचार्जेबल ट्रेन सेट, नऊ महिन्यांनंतर: इंजिन तापलं ते तापलं, पण ते स्क्रू!

बॉक्समध्ये काय काय येतं ते सगळ्यांना माहितीये, त्यात जात नाही. दिवाळीत घेतला, ३,४०० ला. त्याआधी पोराला कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियमला नेलं होतं, तिथून आल्यापासून घरात दुसरा विषयच नाही. पण तसल्या गाड्या रुळातल्या करंटवर पळतात, म्हणजे रूळ पुसत बसा, कंट्रोलर सांभाळा, आणि किंमत ऐकल्यावर मी गप्पच बसलो. म्हटलं बॅटरीवाला बरा. सहा महिने खरंच बरा होता. पोराने काळ्या वाफेच्या इंजिनावर स्केचपेनने डेक्कन क्वीन लिहून टाकलं (खरी डेक्कन क्वीन १९३० ला सुरू झाली तीच विजेच्या इंजिनावर, पण सात वर्षांच्या माणसाशी कोण वाद घालणार).

मे महिन्यात चार्जिंगवरून इंजिन उचललं तर हातात धरवेना. पोटाखाली प्लास्टिक तापल्याचा वास. सर्व्हिसला फोन केला तर, सर सेल सुटा येत नाही, इंजिन पूर्ण बदलावं लागेल, १,९००. वॉरंटी सहा महिन्यांची, ती संपून जेमतेम पंधरा दिवस झालेले. म्हणजे अर्ध्या सेटचे पैसे एका सेलसाठी. ठेवला फोन.

आता स्क्रू. चार स्क्रू, आणि चारही तीन कोनांच्या खाचेचे. प्लस नाही, मायनस नाही, त्रिकोण! घरात वडिलांच्या वेळेपासूनचे अकरा स्क्रूड्रायव्हर आहेत, एकही लागेना. चपटा तिरका घालून बघितला तर खाच झिजायला लागली. पोरांनी उघडू नये म्हणून असतं म्हणे. अहो पण पोराच्या हातात प्लसचा तरी स्क्रूड्रायव्हर कोण देतंय? हे मला उघडता येऊ नये म्हणून आहे, दुसरं काही नाही. शेवटी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात साठ रुपयांना त्रिकोणी बिट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक, मिळालं. साठ रुपये, स्क्रू काढायचे!

आत १४५०० साइजचा लिथियम सेल निघाला. दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, पण ३.७ व्होल्टचा, त्यामुळे चुकूनही टीव्हीच्या रिमोटात घालू नका. प्लास्टिकचं वेष्टण एका बाजूने आकसलेलं. दुकानात एकाने ३,००० एमएएच (सेलची साठवण) छापलेला सेल पुढे केला, मी हात जोडले, या साइजमध्ये सातशे-आठशे खरे, हजार म्हणजे डोक्यावरून पाणी. १३० रुपयांना साधा आठशेवाला घेतला आणि तिथेच निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड करून घेतली, कारण सेलवर थेट सोल्डरिंग गन टेकवली की सेल आतून बिघडतो.

नवीन सेल टाकला, गाडी चालवली आणि परत गरम. इथपर्यंत मी सगळीकडे बॅटरी भिकार, बॅटरी भिकार म्हणत फिरत होतो, ते शब्द मागे घेतो. मागच्या चाकाचा आस बघितला तर त्यावर केसांची गुंडाळी, बायकोचे लांब केस आणि सतरंजीचा धागा, असा घट्ट पीळ की कात्रीचं टोक जाईना. ब्लेडने कापून चिमट्याने ओढला. मोटर अडकली की करंट जास्त ओढते आणि सेल तापतो, एवढं साधं. मीटर लावून बघितलं, आधी ०.६ अँपियर घेत होतं ते ०.२५ वर आलं. ही चूक कंपनीची नाही, आमच्या झाडूची आहे.

पण चार्जिंगला तापणं कंपनीचंच. आत टीपी४०५६ चिपचं ते नेहमीचं चार्जिंग बोर्ड आहे, त्यावर १२२ लिहिलेला, म्हणजे १.२ के (किलो-ओहम) चा रेझिस्टर, त्याने चार्जिंगचा करंट ठरतो एक अँपियर, म्हणजे हजार मिलिअँपियर. आठशेच्या सेलला एक अँपियर! वर ही चिप ५ व्होल्टमधले जास्तीचे व्होल्ट नुसती उष्णता करून टाकते, आणि बोर्ड डबल टेपने सेललाच चिकटवलेलं. म्हणजे तव्यावर बसवून जेवायला वाढायचं. तो रेझिस्टर काढून ३ के चा लावला, करंट ४०० मिलिअँपियरवर आला. रेझिस्टर एक रुपयाला, तोसुद्धा दुकानदार सुटे नाहीत म्हणून फुकट देत होता. बोर्ड सेलपासून सुटं करून इंजिनाच्याच छताला आतून चिकटवलं. आता चार्जिंगला तीनेक तास लागतात, पण इंजिन फक्त कोमट होतं. हे सोल्डरिंग येत असेल तरच करा, आणि सेल फुगलेला किंवा गळका दिसला तर उघडझाप न करता सरळ बाजूला काढा. जुना सेल दोन्ही टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात दिला.

तरी चार्जिंग मी ओट्यावर, स्टीलच्या ताटात ठेवूनच करतो, रात्री नाही.

तर घ्यावा का? गाडी चांगली आहे, वळणावर डबे पडत नाहीत, शिट्टी जरा कमी वाजली असती तर देवाची कृपा. पण घेतलात तर बिट त्याच दिवशी घ्या. मी बंद करताना साधे प्लसचे स्क्रू बसवले, चार रुपयांचे. त्रिकोणी चार काडेपेटीत ठेवलेत, बायको विचारते कशाला, ते मलाही माहीत नाही, पण पैसे दिलेत त्यांचे.